मोठा वाडा परिवार: सामानाचं एकदाचं ठरवून टाका

वैशाली, सकाळी ६.४०
सगळ्यांना नमस्कार. रागावू नका, पण मुंबईहून गोव्याला बोटीनं जायचंय त्या सामानाचं आज बोलतेच. काल रात्री आईंची बॅग पाहिली. धापोडे, जवसाची चटणी, कच्चा चिवडा, पाणी तापवायची इलेक्ट्रिक केटली, निरांजन, काडेपेटी, विळी. आणि इन्सुलिन कुठं? मोठ्या बॅगेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत. बंदरावर मोठी बॅग आपल्या हातून घेतात. ती मशीनमधून तपासून जाते आणि संध्याकाळपर्यंत कधीतरी खोलीच्या दाराशी येते. तोवर आईंची जेवणाआधीची सुई कशी द्यायची?

मास्तर, ६.४४
सर्वांनी ओरिजिनल आधार कार्ड जवळ ठेवावे. झेरॉक्स चालणार नाही. 🙏

गजू, ६.५१
विळी कायले? समुद्रात वांगे चिरायचे हायेत का? 😂

भाऊसाहेब, ६.५८
वैशाली, सासूची बॅग सगळ्यांपुढे उघडायची गरज नव्हती. घरात बोलता आलं असतं.

वैशाली, ७.०३
बाबा, घरात सांगूनच झालं. आई म्हणतात, केटलीचं रूपालीनं सांगितलं. म्हणून ग्रुपवर विचारते, म्हणजे सगळ्यांना एकच काय ते कळेल.

रूपाली, ७.२०
मी केटली घ्या असं कधीच म्हटलं नाही ताई. मी म्हटलं होतं, हॉटेलात केटली असते तशी बोटीवर असेलच असं नाही. त्याचा अर्थ घरून न्या असा होत नाही. असो.

सोनू, ७.२६
वैशाली वहिनी बरोबर बोलून राह्यली. केटली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, अगरबत्ती, लायटर, चाकू, सगळं तपासणीत काढून घेतात. गरम करायची वस्तू तर नाहीच. बोटीवर आग लागली तर बाहेरून बंब येत नाही, म्हणून हे नियम कडक असतात.

मास्तर, ७.२८
अग्नीपासून सावधगिरी बाळगणे योग्यच. तसेच ओरिजिनल आधार कार्ड.

भाऊसाहेब, ७.३५
मग सकाळची पूजा कशी करायची? इतक्या वर्षांत हिच्या हातचा दिवा कधी चुकला नाही.

वैशाली, ७.४१
बाबा, सेलवरचा छोटा दिवा मिळतो, तो मी आणून ठेवलाय. देवाचा फोटो आणि जपमाळ हातातल्या पिशवीत. निरांजन घरी देव्हाऱ्यातच राहू द्या. शेजारच्या काकू येऊन लावतील, मी बोलले त्यांच्याशी.

भाऊसाहेब, ७.४४
ठीक.

गजू, ७.५०
एक प्रामाणिक प्रश्न. थंडीसाठी एखादी क्वार्टर बॅगेत, कपड्यात गुंडाळून...

सोनू, ७.५१
जिजाजी, नका. मशीनमध्ये बाटली दिसते. बाहेरची दारू चालतच नाही.

मास्तर, ७.५२
गजानन, हा परिवाराचा ग्रुप आहे. इथे लहान मुले आहेत. आणि ॲडव्हान्सची उरलेली रक्कम अजून आली नाही, तिचा विचार आधी व्हावा.

गजू, ७.५५
मास्तर, सोयाबीनचे पैसे आले की देतो म्हनलं ना. तिरुपतीच्या वेळी कोनाचे राह्यले होते ते मी ग्रुपवर काढलं का?

आत्या डोंबिवली, ८.०२
तिरुपतीचं नका काढू बाप्पा. माझी पिशवी त्याच वेळी गेली ती गेलीच.

वैशाली, ८.१०
पैशाचं तुम्ही दोघं फोनवर बोला ना. इथं सामानाचंच राहू द्या, नाहीतर वरचे मेसेज कोणी वाचणार नाही.

हातातली पिशवी प्रत्येकाची वेगळी हवी. तिच्यात रोजच्या सगळ्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी, ओळखपत्र, बोर्डिंग पास, चश्मा, चार्जर, पॉवर बँक आणि एक जोडी कपडे. शाल वरच ठेवा, एसी फार गार असतो. मोठी बॅग उशिरा आली तरी त्या पिशवीवर रात्र निघाली पाहिजे.

आईंचं इन्सुलिन थंड पाऊचमध्ये माझ्याजवळ राहील. बर्फाला चिकटू द्यायचं नाही, गोठलं की वाया जातं. गाडीत खिडकीच्या उन्हातही ठेवायचं नाही. इन्सुलिनचा एक पेन जास्तीचा घेतलाय, तो यांच्या पिशवीत. म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरं हाताशी राहील. वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा जाड प्लास्टिकचा डबा घेतलाय, बोटीवरच्या कचऱ्यात सुई उघडी टाकायची नाही, साफ करणाऱ्या पोराच्या हाताला लागते.

रूपाली, ८.१८
हे छान केलंत ताई. बोटीवर दवाखाना असतो, पण तिथं आपलीच औषधं मिळतील असं धरून चालू नये.

गजू, ८.२४
मले उलटीचं सांगा. मी यष्टीत बसलो तरी चिखलदऱ्याच्या घाटात डोकं बाहेर काढतो.

सोनू, ८.३१
गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरला विचारा, तुमची बीपीची गोळी चालू आहे. उलटीच्या गोळीनं झोप येते. रिकाम्या पोटी राहू नका, आल्याची वडी खिशात ठेवा. मळमळलं तर खोलीत पडून मोबाईल पाहू नका, वर मोकळ्या हवेत या आणि दूर जिथं आभाळ पाण्याला टेकतं तिकडं पाहत राहा. बोटीच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी लागतात.

गजू, ८.३३
मग माह्यी खोली खालची करा ना. वरची मास्तरले द्या.

मास्तर, ८.३५
खोल्यांचे वाटप झालेले आहे. ज्यांनी पैसे आधी भरले त्यांना खिडकी मिळाली. यात वाद नको. सर्वांनी ओरिजिनल आधार कार्ड जवळ ठेवावे. झेरॉक्स चालणार नाही. 🙏

गजू, ८.३६
आधारचं समजलं ना काका आता. पोट्ट्याइलेही पाठ झालं.

मास्तर, ८.३८
समजले असते तर मागच्या वेळी स्टेशनवर कोण परत पळाले होते?

भाऊसाहेब, ८.४७
बोट किती जुनी आहे? टीव्हीवर दाखवतात तशी बुडणार नाही ना.

सोनू, ८.५५
मोठे बाबा, कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस नावाची बोट आहे. १९९० पासून समुद्रात आहे. लांबी २११ मीटर, म्हणजे आपल्या पारापासून झेडपीच्या शाळेपर्यंत एकच बोट उभी आहे असं समजा.

मास्तर, ९.०४
टायटॅनिक एप्रिल १९१२ मध्ये बुडाली. तिच्यावर सर्व प्रवाशांना पुरतील एवढ्या जीवरक्षक होड्या नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आता सर्वांना पुरतील एवढ्या जागा ठेवाव्याच लागतात, आणि प्रवाशांची कवायतही घ्यावी लागते. कवायतीला कोणीही खोलीत झोपून राहू नये. मी स्वतः हजेरी घेईन.

वैशाली, ९.०७
हे फार चांगलं सांगितलंत काका. भोंगा वाजला की आपली जमायची जागा कुठली, ते मुलांनाही दाखवून ठेवू. लाइफ जॅकेट बोटीचंच असतं, कोणी दुकानातून फुगवायचं घेऊ नका.

भाऊसाहेब, ९.१५
मला फोनचं सांगा. ऐन वेचणीत चाललो आहे. मुकादम रोज संध्याकाळी कापसाचं वजन सांगतो. त्याला फोन लागला पाहिजे.

सोनू, ९.२२
किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं मोठे बाबा. मग फोन बोटीच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जाऊ शकतो, आणि त्याचं बिल वेगळंच येतं. म्हणून बोट सुटली की एरोप्लेन मोड लावायचा. वायफाय लागलं तर ते विकत घ्यावं लागतं. गोव्याला लागलो की नेटवर्क येईल.

भाऊसाहेब, ९.२६
म्हणजे मधल्या वेळात वजनात मारली तरी मला कळणार नाही.

वैशाली, ९.३०
बाबा, माझा भाऊ काट्यावर उभा राहील. वहीत रोजचं वजन लिहून फोटो काढून ठेवील, गोव्यात तुमच्या मोबाईलवर एकदम येतील. मजुरीचे सुटे पैसे त्याच्याकडे देऊन ठेवा. तुम्ही जीव टांगणीला लावून फिरू नका, आईंना तुमच्यासोबत डेकवर बसायचंय. त्या कोणाला बोलणार नाहीत, म्हणून मी सांगते.

भाऊसाहेब, ९.४८
बरं. वही मी आखून देतो.

रूपाली, १०.०५
आता बॅगांचं. खोली लहान असते. कडक मोठ्या सुटकेस आणू नका, मऊ बॅग पलंगाखाली सरकते. एका खोलीला दोन बॅगा पुरे. टॉवेल, साबण खोलीत मिळतं. भिंती धातूच्या असतात, खिळा ठोकता येत नाही, पण चुंबकाचे हूक लागतात. टोपी, पिशवी, ओला रुमाल अडकवायला मी सगळ्यांसाठी आणते. संध्याकाळी एखाद दिवशी ठेवणीतले कपडे घालून जेवायला जातात, तर एकेक चांगली साडी आणि पुरुषांना पूर्ण पँट, शर्ट. चपला न घसरणाऱ्या हव्यात.

गजू, १०.०९
ठेवनीतले म्हनजे लग्नातला सफारी चालते का? बसत नाही तो आता.

रूपाली, १०.११
स्वच्छ शर्टपँट चालेल भाऊजी. एवढंच सांगते, हाफपँटवर जेवायला येऊ नका. पुण्यात आले होतात तेव्हा मी काही बोलले नव्हते.

गजू, १०.१२
बोल्ली असती तर बरं झालं असतं. वर्षभर मनात ठेवलं.

वैशाली, १०.२०
चपलांचं महत्त्वाचं आहे. न्हाणीच्या दाराला उंच उंबरठा असतो, डेक ओला असतो. आईंची नवी चामड्याची चप्पल मी काढून ठेवली, रोजची रबरी तळव्याचीच घालायची. लुगडं पायात येतं, म्हणून जिन्यानं एकटं जायचं नाही, लिफ्टनं जाऊ. रात्री खोलीत अंधार गुडुप होतो, आतल्या खोलीला खिडकीच नाही. सेलचा छोटा दिवा तिथंही कामी येईल.

आत्या डोंबिवली, १०.३४
आणि खायचं? वहिनीचे धापोडे तुम्ही सरळ बाहेर काढले म्हणे. बोटीवरचं तिला गेलं नाही म्हणजे?

सोनू, १०.३९
बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत आत्या. शाकाहारी जेवण असतं, जैनही मिळतं. तिखट मागितलं तर हिरवी मिरची देतात कोणीही.

भाऊसाहेब, १०.४५
ती म्हणते, धापोडे फेकायचे नाहीत.

वैशाली, १०.४८
आई, फेकतंय कोण. गाडीत पुलगाव सुटलं की डबा उघडू. चिवडा, चटणी सगळं सकाळपर्यंत संपलं पाहिजे, ते काम गजूभाऊजींकडे.

गजू, १०.४९
हे जमते मले.

मास्तर, ११.१०
गाडीचा विषय निघाला म्हणून. विदर्भ एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला पोहोचते आणि त्याच दिवशी दुपारी बोटीत बसायचे, हे मला पहिल्यापासून पटलेले नाही. मी मागील बैठकीतही सांगितले होते. कोणी ऐकले नाही.

वैशाली, ११.१४
काका, तुमचं खरं आहे. सीएसएमटीपासून बॅलार्ड पिअर, म्हणजे आपलं बोटीचं बंदर, टॅक्सीनं जवळ आहे, पण गाडीच भुसावळच्या पुढं अडकली तर? बोट आपल्यासाठी थांबत नाही, आणि सुटायच्या खूप आधी आत घेणं बंद करतात. एक दिवस आधी निघायला हवं.

गजू, ११.१६
एक दिवसाच्या लॉजचे पैसे कोन देते?

आत्या डोंबिवली, ११.२१
लॉज? माझं घर काय पडलंय? मुंबईला यायचं ठरलं तेव्हापासून वाट पाहतेय की दादाचा एक फोन येईल. बोटीचं मला या ग्रुपवरून कळलं. येणार नाही म्हणून मीच सांगितलं, गुडघे दुखतात, पण घरी या असं म्हणायला गुडघे लागत नाहीत.

भाऊसाहेब, ११.४०
बाई, चुकलं. तुझ्याकडे एवढी माणसं नकोत, त्रास होईल, असं वाटलं.

आत्या डोंबिवली, ११.४२
गाद्या आहेत. पाणीही येतं आता. या.

सोनू, ११.४६
आदल्या दिवशीच्या गाडीत अजून बर्थ दिसून राह्यले. जुनं तिकीट रद्द करू का? थोडे पैसे कापले जातील.

मास्तर, ११.४७
कर. कापले जाणारे पैसे मी भरतो.

गजू, ११.४९
मास्तर, हे पाह्यजा, मी आज रात्रीच उरलेले पाठवतो.

रूपाली, ११.५३
परतीचं राहिलं. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीच खाली नेतात. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, गोळ्या आधी बाजूला काढा. माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांनी सगळंच भरून दिलं आणि मुंबईला पायजम्यावर उतरले.

वैशाली, ११.५८
प्रत्येक बॅगेला नाव, खोली नंबर आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी आतूनही टाका, बाहेरचा टॅग तुटतो. लाल रिबन सगळ्यांच्या बॅगांना मी बांधते. रविवारी दुपारी सगळे आपापल्या हातातल्या पिशव्या घेऊन वाड्यावर या, एकदा मांडून पाहू.

आत्या डोंबिवली, दुपारी १२.१५
दादा, येताना तुरीच्या ओल्या शेंगा आण. इथं मिळतात त्यांना चवच नाही.

भाऊसाहेब, १२.१९
आणतो. बांधावरच्या तोडून गोणीभर आणतो.

वैशाली, १२.२०
गोणी डोंबिवलीलाच उतरवायची हं बाबा. बंदरावर नेऊ नका.