फंक बँड पहिल्यांदाच लाइव्ह: तयारी काय करू?

प्रश्न (दारव्हा): पार्लमेंट-फंकाडेलिकसारखा जुना अमेरिकी फंक (ठेक्यावर नाचवणारं संगीत) बँड मुंबईला आला तर जायचंच आहे. आजवर फक्त मोबाइलवर ऐकलंय. काय ऐकायचं, कुठं उभं राहायचं?

उत्तर (मोझरी): भाऊ, पहिले हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरात बास, म्हणजे खालचा जड आवाज, येतच नाही, आणि फंकचा जीव बासमध्येच आहे. चारपैकी पहिल्या मात्रेवर सगळ्यांचा जोर असतो. फंकचे मोठे गायक जेम्स ब्राऊन तिला ‘द वन’ म्हणत. बुट्सी कॉलिन्स 1970 मध्ये त्यांच्याकडे बास गिटार वाजवत होते, पुढं ते पार्लमेंट-फंकाडेलिकमध्ये आले. खंजिरी भजनात सम पकडता, तशी ही पहिली मात्रा पकडा. ती सुटली की नुसता गलका वाटतो.

उत्तर (आर्वी): स्टेजला चिकटू नका. तिथं बासच्या मोठ्या स्पीकरांचा आवाज छातीवर आदळतो, गाणं डोक्यावरून जातं. साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा, तो तिथूनच आवाज जुळवतो. फोमचे इअरप्लग न्या: पिळून बारीक करा, कान वर ओढून घाला, फुगेपर्यंत 20-30 सेकंद दाबून धरा. अर्धवट घातले तर उपयोग शून्य.

उत्तर (बडनेरा): परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. विदर्भ एक्स्प्रेस मुंबईहून संध्याकाळीच सुटते.