मदत हवी आहे: शाळेच्या प्रदर्शनासाठी तंबाखू आणि धुराचं रसायन, फलक तपासून द्या

दांडियाबाजारकर
बडोद्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांचा फलक आणि प्रयोग तयार होतोय. फलकावर सध्या ही वाक्यं आहेत: 'तंबाखूत ७००० रसायनं असतात', 'चुन्यामुळे निकोटिन वाढतं', 'कापूस धूर शुद्ध करतो'.
प्रयोग नेहमीचा. बाटलीत पाणी, तळाला भोक, झाकणात मेणमातीने बसवलेली सिगारेट, नळीत कापूस. पाणी वाहू लागलं की सिगारेट भसाभस जळते, मेणमाती मऊ होऊन सांधा सुटतो, कापूस एकाच बाजूला पिवळा होतो. काय बदलावं? आणि कापसाचं वजन करून 'इतकं टार' (धुरातला चिकट, काळपट भाग) असं लिहिलं तर चालेल का?

रसशाळा
पहिलं वाक्य आधी बदला. ७००० हून अधिक हा आकडा धुराचा आहे, पानाचा नाही. पानात निकोटिन, साखर, प्रथिनं, सेल्युलोज, नायट्रेट, मातीतून शोषलेलं कॅडमियम असे घटक असतात. निकोटिन मुळांत तयार होतं आणि पानात चढतं. मही नदीपलीकडे चरोतरात (आणंद-खेडा भागात) बिडी-तंबाखूचे शेंडे खुडतात, त्याने पानातलं निकोटिन वाढतं.
झुरका ओढताना निखारा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्याच्या लगेच मागच्या पट्ट्यात उष्णता भरपूर पण ऑक्सिजन अपुरा, म्हणून पान नीट जळत नाही, उष्णतेने त्यातले रेणू तुटतात. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सायनाइड, अ‍ॅक्रोलिन, बेन्झोपायरीन बहुतेक तिथेच घडतात. निकोटिनचा उत्कलनबिंदू २४७ अंश. त्यातलं बरंचसं न जळताच वाफ होतं आणि धुराच्या बारीक थेंबांत उतरतं. 'टार' नावाचा पदार्थ पानात शोधून सापडणार नाही. फलकावर पान आणि धूर असे दोन वेगळे रकाने करा, मुलांना फरक चटकन दिसेल.

काचनळी
बाटली सोडा. सतत ओढ लागली की तो एकच लांबलचक झुरका होतो, निखारा गार व्हायला वेळच मिळत नाही. मेणमाती त्यामुळेच मऊ पडते.
औषधाच्या दुकानातून ५० मिलीची सिरिंज आणि थ्री-वे (तीन तोंडांची फिरवायची तोटी) आणा. क्रम असा: सिगारेट, रबरी नळीचा तुकडा, कापूस भरलेली काचनळी, थ्री-वे, सिरिंज. सिगारेट तपासण्याच्या प्रमाणित यंत्रात झुरका ३५ मिलीचा, २ सेकंदांचा, दर ६० सेकंदांनी एक. तेवढंच ओढा, थ्री-वे फिरवा, मग धूर बाजूच्या तोंडाने बाहेर ढकला. फिरवायला विसरलात तर धूर उलटा कापसातून सिगारेटमध्ये जातो आणि निखारा गळून पडतो. ही चूक हमखास होते, म्हणून आधी न पेटवता दहा वेळा सराव करा.
कापूस एका बाजूला पिवळा होतो कारण तो नळीच्या भिंतीला नीट टेकलेला नाही आणि धूर फटीतून निसटतो. २ सेंटिमीटर लांबीचा बोळा सारखा पिंजून भरा. दाबून कोंबलात तर सिरिंजचा दट्ट्या परत आत खेचला जाईल. अनेक सिगारेटींच्या फिल्टरच्या कागदावर बारीक भोकांची रांग असते. ती उघडी राहिली तर हवा मिसळून डाग फिका येतो. भोकं उघडी आणि भोकं चिकटपट्टीने बंद असे दोन बोळे शेजारी ठेवा. प्रदर्शनात बघण्यासारखं खरं तेच आहे.
वजनाचं मात्र लिहू नका. एका सिगारेटचं टार काही मिलिग्रॅम ते वीसेक मिलिग्रॅम, आणि सोनाराच्या साध्या काट्याची सर्वांत लहान पायरीच बऱ्याचदा १० मिलिग्रॅम. शिवाय बोळ्यात पाणी आणि निकोटिनही असतं. एकूण वजनातून ते दोन्ही वजा केल्यावर उरतं ते टार. बोळा भट्टीत वाळवला तर पाण्याबरोबर निकोटिन आणि इतर बाष्पशील पदार्थही उडतात, हिशेब आणखी चुकतो.
आणि हे शाळेत पेटवू नका. २००३ च्या कायद्याने शाळेच्या आवारात धूम्रपानाला बंदी आहे. परवानगी असलेल्या प्रयोगशाळेत मोठ्यांनी फ्यूम हूडमध्ये (धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटात) करावं आणि बोळे बुचाच्या परीक्षानळीत बंद करून आणावेत. हातमोजे घाला, निकोटिन कातडीतून शोषलं जातं.

दांडियाबाजारकर
छान, बाटली रद्द. पण कापसानंतर येणारा धूर जवळजवळ दिसतच नाही. मग 'शुद्ध' का म्हणू नये? आणि चुन्याचं?

रसशाळा
कापूस थेंब अडवतो, वायू नाही. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, कापसातून सरळ निघून जातो. पाण्यातही जेमतेम विरघळतो, म्हणून हुक्क्याचं पाणी त्याला थोपवत नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. ते वाक्य 'कापूस फक्त दिसणारा भाग अडवतो' असं करा.
चुन्याने निकोटिनचा एक कणही वाढत नाही, त्याचं रूप बदलतं. आम्लात ते क्षार होऊन राहतं आणि तोंडाच्या आतल्या आवरणातून हळू जातं. अल्कलीत मुक्त होतं, तोंडाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात शिरतं. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे मध्य) ६ ला मुक्त निकोटिन साधारण १ टक्का, ७ ला ९, ८ ला निम्मं, ९ ला ९१. बार मळताना नेमकं हेच घडतं. हे शाळेत धुराशिवाय दाखवता येईल, पण मुलांच्या हाती तंबाखू नको: शिक्षकांनीच घरून तंबाखूचा अर्क गाळून, बंद बाटलीत आणावा. थोड्या अर्काचं पीएच पट्टीने बघा, चिमूटभर चुना घाला, पुन्हा बघा. ओला तांबडा लिटमस वर धरला तर निळा होईल, पण त्यात अमोनियाही असतो. तो निकोटिनचा पुरावा म्हणून मांडू नका.

चरोतरी
एक भर. 'धूर नाही म्हणजे धोका नाही' असं मुलं विचारतीलच. पान सुकवताना आणि साठवताना जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते निकोटिन आणि त्याच्या भावंड रसायनांशी मिळून एनएनएन आणि एनएनके ही नायट्रोसामाइन रसायनं बनतात. दोन्ही माणसाला कर्करोग करणारी, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) पहिल्या गटातली. इथे आग लागतच नाही. हे पानाच्या रकान्यात लिहा.
बिडीचा नमुना ठेवणार असाल तर टिमरूच्या (तेंदूच्या) पानातून हवा कमी शिरते, म्हणून ती विझते आणि जोराने ओढावी लागते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, तरी टार कमी येत नाही. त्याच ३५ मिलीच्या झुरक्याने ती पेटती राहिली नाही, तर झुरक्यांमधलं अंतर ३० सेकंद करा आणि तसं फलकावर स्पष्ट लिहा, नाहीतर दोन डागांची तुलना खोटी ठरेल.