मदत हवी आहे: चेक्ड एक्सेप्शन कंपाइल टाइमचं, मग माझं रन टाइमला कसं आलं?

जावा नुकतीच शिकतोय. एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रामच्या कामात येणारी अडचण, त्याबद्दल नोट्समध्ये लिहिलंय, 'चेक्ड म्हणजे कंपाइल टाइम एक्सेप्शन, अनचेक्ड म्हणजे रन टाइम.' तसंच पाठ केलं. काल फाइलमधल्या आकड्यांची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. फाइलरीडर वापरल्याबरोबर कंपायलर (कोड चालवण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा) अडून बसला: एक्सेप्शन कॅच करा, नाहीतर थ्रोज लिहा. मेन या सुरुवातीच्या मेथडपुढे 'थ्रोज आयओएक्सेप्शन' चिकटवलं, गप्प झाला. मग मुद्दाम फाइलचं नाव चुकवलं, तर चालवताना फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन येऊन प्रोग्राम बंद. म्हणजे आलं रन टाइमलाच की!

आणखी एक. मजकुराचा आकडा करणाऱ्या पार्सइंटला आकड्याऐवजी 'बारा' हा शब्द दिला तर नंबरफॉरमॅटएक्सेप्शन येतं, पण त्याबद्दल कंपायलर आधी चकार शब्द काढत नाही. असा दुजाभाव का?

उत्तर १
नोट्समधलं ते वाक्य आधी खोडा. दोन्ही प्रकार येतात रन टाइमलाच. 'चेक्ड' म्हणजे कंपायलर फक्त एवढं बघतो, की हे फेकलं जाऊ शकतं, तर तुम्ही त्याची काही सोय केलीय का. तुम्ही थ्रोज लिहून 'मी नाही, वरचा बघेल' म्हणालात. मेनच्या वर कोणीच नव्हतं, म्हणून प्रोग्राम बंद पडला.

रनटाइमएक्सेप्शन आणि एरर यांच्या पोटातले सगळे अनचेक्ड, थ्रोएबल या सगळ्यांच्या मूळ वर्गाखालचे बाकीचे चेक्ड. नंबरफॉरमॅटएक्सेप्शन हे रनटाइमएक्सेप्शनचं नातवंड, मध्ये इलीगलआर्ग्युमेंटएक्सेप्शन. म्हणून सुटलं. कोड कितीही चोख असला तरी फाइल गायब होऊ शकते, ते चेक्ड. नल किंवा अ‍ॅरेबाहेरचा इंडेक्स ही आपली चूक, ती दुरुस्त करायची. त्यासाठी थ्रोज लावत बसलो तर एकही मेथड सुटणार नाही. पार्सइंटचं मात्र मलाही पटत नाही, चुकीचा मजकूर बाहेरूनच येतो ना.

उत्तर २
जेव्हीएमला (कंपाइल झालेला प्रोग्राम चालवतो तो) हा भेद ठाऊकच नाही, सगळी तपासणी कंपायलरची. सी शार्प आणि कोटलिनने चेक्ड प्रकार ठेवलाच नाही. पुढे लॅम्ब्डात (नाव नसलेल्या छोट्या फंक्शनात) फाइल वाचायला गेलात की वैतागाल: ते ज्या फंक्शन इंटरफेसमध्ये बसतं, त्याच्या अप्लाय मेथडवर थ्रोज नाही. जावा 8 मध्ये अनचेक्डआयओएक्सेप्शन आलं, आयओएक्सेप्शन त्यात गुंडाळून फेका. काहीही करा, पण कॅचचा कंस रिकामा सोडू नका.

मूळ प्रश्नकर्ता
आत्ता करून पाहिलं. ट्रायमधून फाइलच्या ओळी काढल्या, आयओएक्सेप्शनचा कॅच तसाच ठेवला. कंपायलर म्हणतो, इथे ते येऊच शकत नाही! हेही तपासतो होय?