जातिविषयक लेखांत ब्रिटिशकालीन गॅझेटियरचा संदर्भ ग्राह्य धरावा का?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका कारागीर समाजावर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे. त्यातील मूळ, पोटजाती आणि चालीरीती यांविषयीच्या परिच्छेदाला मी जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील (जिल्हावार माहितीची सरकारी ग्रंथमाला) साताऱ्याच्या खंडाचा (१८८५) संदर्भ दिला होता. एका सहसंपादकाने ‘ब्रिटिशकालीन साधन, अविश्वसनीय’ असा शेरा लिहून तो परिच्छेद वगळला. मात्र त्याच खंडातून घेतलेले १८८१च्या जनगणनेचे आकडे तसेच ठेवले. ग्रंथ एका ओळीपुरता विश्वसनीय आणि पुढच्या ओळीला अविश्वसनीय कसा, हे मला उमगत नाही. समाजाच्या मंडळाची स्मरणिका आणि एका मराठी दैनिकाच्या पुरवणीतील लेख हे दोन्ही पर्यायही त्यांना मान्य नाहीत. मग अशा लहान समाजांविषयी लिहायचे तरी कशाच्या आधारे?

दफ्तरदार:
विश्वसनीयता ग्रंथाच्या मुखपृष्ठावर छापलेली नसते. ती ज्या विधानासाठी ग्रंथ वापरला जातो त्या विधानापुरती ठरते, त्यामुळे आपल्याला दिसणारी विसंगती ही मुळात विसंगती नाही. जनगणनेचे आकडे, पिके, बाजाराचे वार, घाटरस्ते या गोष्टी महसुली यंत्रणा स्वतःच्या गरजेसाठी नोंदवत असे आणि त्यासाठी गॅझेटियर आजही उत्तम साधन आहे. समाजाचे मूळ आणि ‘स्वभाव’ यांविषयीचा मजकूर मात्र स्थानिक अंमलदार आणि त्यांना माहिती पुरवणारे गावातील प्रतिष्ठित यांच्याकडून आलेला असे. अमुक जात कष्टाळू, तमुक अस्वच्छ, अशी सरसकट वाक्ये त्यात किती सहजतेने येतात हे आपण वाचलेच असेल.

पुढे ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून वंश आणि जातीची पायरी यांचा संबंध जोडला, आणि १९०१च्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा प्रयत्न झाल्यावर वरचे स्थान मागणाऱ्या अर्जांचा पाऊस पडला. म्हणजे नोंद करणारी यंत्रणा आणि नोंदवला जाणारा समाज, दोघेही त्या नोंदीत हितसंबंधी होते. रिस्ले यांचे निष्कर्ष महाराष्ट्रासारख्या प्रांतांना लागू पडत नाहीत, हे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्येच रिस्ले यांच्याच मापांच्या आधारे दाखवून दिले. ब्रिटिश अधिकारी एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातींवरील तीन खंड (१९२०-२२) याच परंपरेत येतात. जातींविषयीच्या लेखांत असे ग्रंथ टाळावेत हा इंग्रजी विकिपीडियावरील संकेत या पार्श्वभूमीवर रूढ झाला आहे. केवळ जुनेपणाचा आक्षेप असता, तर जनगणनेचे आकडेही गेले असते.

आडवाट:
दफ्तरदार यांचे तत्त्व मला मान्य आहे, परंतु त्याचा भार कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. मोठ्या आणि राजकीयदृष्ट्या प्रबळ जातींवर विद्यापीठीय ग्रंथांची रांग लागलेली आहे. लहान कारागीर समाजांवर असे काहीच नसते, आणि मग ‘दुय्यम साधन (म्हणजे अभ्यासकांनी केलेले विवेचन) आणा’ या मागणीचा प्रत्यक्ष अर्थ ‘लेखच लिहू नका’ असा होतो. २०११ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या साहाय्याने अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मल्याळम, हिंदी आणि सेपेडी (दक्षिण आफ्रिकेतील एक भाषा) भाषकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या संदर्भ म्हणून वापरून पाहिल्या, त्यामागची अडचण नेमकी हीच होती. तो मार्ग सर्वमान्य झाला नाही. म्हणून माझी सूचना अशी की परिच्छेद समूळ काढण्याऐवजी ‘१८८५च्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार’ असा स्पष्ट निर्देश करून तो ठेवावा आणि निर्णय वाचकावर सोडावा.

दफ्तरदार:
अडचण खरी आहे, पण ‘नोंदीनुसार’ हा शब्द जोडल्याने ती सुटत नाही. ज्या लेखात दुसरे काहीच नाही, त्यात ती एकच नोंद समाजाची ओळख होऊन बसते आणि सामान्य वाचक निर्देश विसरून मजकूर लक्षात ठेवतो. स्वातंत्र्यानंतरची सुधारित गॅझेटियर किंवा भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणाच्या ‘पीपल ऑफ इंडिया’ मालिकेतील राज्यनिहाय खंड वापरतानाही सावध राहावे, कारण जुनाच मजकूर त्यांत उतरवला गेल्याचे आक्षेप आहेत. असे दोन संदर्भ दिसायला दोन, पण वस्तुतः एकच ठरतात. बखरींवर विसंबू नका, अस्सल पत्रे पाहा, असा आग्रह वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात १८९८ मध्ये धरला होता, त्यामुळे हा वाद मराठी वाचकाला तरी परका वाटू नये. फरक इतकाच की राजवाडे संशोधक होते, आणि ज्ञानकोशाच्या संपादकाला मूळ संशोधनाची मुभा नाही.

तळटीप:
स्मरणिका आणि पुरवणी यांविषयी थोडे लिहितो. मंडळाची स्थापना केव्हा झाली, वसतिगृह कोठे आहे, अशा स्वतःविषयीच्या साध्या माहितीसाठी स्मरणिका चालते. समाजाचे मूळ एखाद्या राजघराण्याशी जोडायला चालत नाही.

वृत्तपत्राच्या बाबतीत आधी लेखाच्या संपादन-इतिहासातील तारखा तपासा. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असे मनाने रचलेले टोपणनाव विकिपीडियावर घातले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि पुढे तेच छापील उल्लेख विकिपीडियात पुरावा म्हणून आले. आपली पुरवणी विकिपीडियातील मजकुरानंतरची असेल आणि वाक्ये जुळत असतील, तर तो संदर्भ सोडून द्यावा. शिवाय २००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण उघडकीस आल्यापासून भारतीय वृत्तपत्रांतील गौरवपर मजकुराकडे संपादक संशयाने पाहतात, आणि ते मला रास्त वाटते. मात्र ‘मराठी मला वाचता येत नाही’ हे कारण कोणी पुढे केले, तर ते मान्य करू नका. इतर भाषांतील साधने इंग्रजी विकिपीडियावर चालतात. मागितल्यास मूळ उतारा आणि त्याचे भाषांतर चर्चापानावर (लेखाविषयी संपादकांनी चर्चा करण्याचे पान) द्यावे लागते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. पुरवणीतील लेख विकिपीडियातील मजकुराआधीचा आहे, परंतु त्यात साधनांचा कोठेही उल्लेख नाही, म्हणून तो मी मागे घेतो. मूळ आणि स्वभाव यांविषयीची वाक्ये काढलेलीच राहू देत. व्यवसायाची हत्यारे आणि बाजारपेठा यांविषयीची वाक्ये मात्र त्याच खंडाच्या आधारे, पृष्ठक्रमांक आणि आवृत्ती नमूद करून पुन्हा घालावीत, असा प्रस्ताव मी चर्चापानावर मांडतो. आडवाट यांचा आक्षेप यामुळे अनुत्तरितच राहतो, हे मला मान्य आहे.