सोआवे पाणचट का लागते?

सोआवे ही इटलीतली पांढरी वाईन कुणाकुणाला पाणचट लागते, पण त्यात ती ज्यापासून बनते त्या गार्गानेगा द्राक्षाचा दोष नाही. ही वेल मुळात भरभरून फळते. वेरोना शहराच्या पूर्वेकडच्या सपाट, सुपीक जमिनीत घड जास्त ठेवले की चव विरळ होते. म्हणून लेबलवर 'क्लासिको' बघून घ्या. ती सोआवेच्या मूळ, जुन्या भागातल्या टेकड्यांवरची असते, बरीचशी आपल्या सह्याद्रीसारख्या काळ्या बेसाल्टवरची!

फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका. 4-5 अंशांवर नुसता आंबटपणा कळतो. बाटली 20 मिनिटं बाहेर ठेवा. 10-12 अंशांना नाशपातीचा, पांढऱ्या फुलांचा गंध सुटतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागे कडवट बदाम रेंगाळतो. तो बिघाड समजून बाटली टाकू नका. पहिल्यांदा घेताना ओकच्या पिंपात न मुरवलेलीच घ्या, नाहीतर लाकडाखाली बदाम दबतो.