वजन उतरवायचं तर दूध, अंडी, मांस सोडावंच लागतं का?

निशिगंध:
वय ४०, उंची १६२ सेंमी, वजन ७८ किलो, दिवसभर बसून काम. १२-१३ किलो कमी करायचे आहेत. सध्या खाण्यात दूध, दही, अंडी, चिकन, मासे सगळं आहे. प्राणिजन्य पदार्थ पूर्ण बंद केल्याशिवाय वजन उतरत नाही आणि उतरलं तरी परत चढतं, असं ठामपणे सांगणारे बरेच आहेत. बंद करायची तयारी आहे, पण त्याची खरंच गरज आहे का? आणि तसं केलं तर प्रथिनं कशी पुरवायची? थायरॉईड आणि साखर तपासली आहे, दोन्ही ठीक. औषध कोणतंही चालू नाही.

आकडेमोड:
गरज नाही. शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी कॅलरी पोटात गेल्या की वजन उतरतं, मग त्या डाळीतून येवोत की माशातून.

तुमचाच हिशोब मांडू. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र स्त्रियांसाठी असं आहे: (१० × वजन) + (६.२५ × उंची) − (५ × वय) − १६१. पुरुषांसाठी शेवटचे १६१ वजा न करता ५ मिळवायचे. तुमचा आकडा येतो सुमारे १४३०. हा नुसतं पडून राहण्याचा खर्च. बैठ्या दिनक्रमासाठी त्याला १.४ ने गुणलं की साधारण २०००. रोज १५०० खाल्ल्या तर आठवड्याला ३५०० ची तूट पडते. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, म्हणजे आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा थोडी कमी चरबी जाईल. पहिल्या आठवड्यात काटा यापेक्षा बराच जास्त उतरू शकतो. ते बहुतेक पाणी असतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवलेल्या कार्बसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, आणि खाणं कमी झालं की आधी तो साठा वापरला जातो. त्या आकड्यावर पुढच्या महिन्यांचं गणित मांडू नका.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या डाएटफिट्स चाचणीत ६०९ जण होते. वर्षभरानंतर कमी फॅटच्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, कमी कार्बच्या गटाचं ६ किलोंनी. हा फरक दखल घेण्याइतका नव्हता. मांस-अंडी सोडण्याची अट कोणत्याच गटाला नव्हती. भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा कमी करा, शक्यतो घरी शिजवलेलं खा, हे मात्र दोन्ही गटांना सांगितलं होतं. माझ्या मते त्या चाचणीतला सर्वांत उपयोगाचा भाग हाच.

पालवी:
आवश्यक नाही, हे मान्य. पण वनस्पतीजन्य आहारावर अनेकांचं वजन सहज उतरतं, त्यामागे ठोस कारण आहे आणि ते कळलं तर मांसाहार करणाऱ्यालाही वापरता येतं.

कारण म्हणजे कॅलरींची घनता. बहुतेक पालेभाज्या आणि फळभाज्यांत १०० ग्रॅममागे २० ते ४० कॅलरी असतात, उकडलेल्या बटाट्यात ८७, शिजवलेल्या मसुरात ११६. तेलात ८८४. पोट भरल्याची जाणीव बऱ्याच अंशी अन्नाच्या आकारमानावर ठरते, त्यामुळे घनता कमी असली की भूक न मारता कॅलरी कमी होतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांच्या गटाने हे तपासलं, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अत्यल्प फॅटचा वनस्पतीजन्य आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य कीटो (अगदी कमी कार्बचा) आहार दिला, हवं तेवढं खायची मुभा देऊन. वनस्पतीजन्य आहारावर लोकांनी आपणहून दिवसाला सरासरी ६८९ कॅलरी कमी खाल्ल्या. वजन दोन्हींवर उतरलं, पण शरीरातली चरबी लक्षणीयरीत्या घटली ती वनस्पतीजन्य आहारावरच. मात्र त्या आहारात एकूण कॅलरींपैकी फक्त १० टक्के फॅटमधून येत होत्या. काजूची ग्रेव्ही, नारळाचं दूध, तळलेले पदार्थ, खोबरेल तेलाचं व्हीगन चीज हेही सगळं वनस्पतीजन्यच. त्यावर हा परिणाम मिळणार नाही.

आता प्रथिनं. वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर तुम्हाला दिवसाला साधारण ९० ग्रॅम हवीत, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलण्याचा व्यायामही. १५०० कॅलरींत ती बसवून पाहा.

पूर्ण वनस्पतीजन्य: सोया चंक्स ६० ग्रॅम कोरडे (३० ग्रॅम प्रथिनं), शिजवलेली मसूर ३०० ग्रॅम (२७), घट्ट टोफू १५० ग्रॅम (सुमारे २०, लेबल बघा, फरक मोठा असतो), बिनसाखरेचं सोया दूध दोन कप (१४). एकूण ९१ ग्रॅम, साधारण ९५० कॅलरी.

मिश्र: शिजवलेलं चिकन ब्रेस्ट १५० ग्रॅम (४६), दोन अंडी (१२), कमी फॅटचं साधं दही २५० ग्रॅम (१३), शिजवलेली मसूर १५० ग्रॅम (१३). एकूण ८४ ग्रॅम, साधारण ७२५ कॅलरी. उरलेली ६ ग्रॅम धान्यातून सहज येतात.

दोन्ही जमतं. पहिल्यात तेल, धान्य, फळं यांना जागा कमी उरते, पण तंतू पुष्कळ मिळतात. सोया दुधाऐवजी बदामाचं दूध घेऊ नका, कपात जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाणे हाही प्रथिनांचा मुख्य आधार नव्हे: १०० ग्रॅममध्ये २६ ग्रॅम प्रथिनं, पण कॅलरी ५६७.

निशिगंध:
दोघांचेही आभार. मासे आणि दही ठेवून बाकी डाळी-सोयाकडे वळावं असं वाटतंय. मग बी-१२ ची गोळी लागेल का? आणि तेल किती ठेवू?

पालवी:
मासे आणि दही नियमित असतील तर बी-१२ बहुतेक पुरतं. तरी एकदा रक्तातली पातळी बघून घ्या. सगळं प्राणिजन्य बंद केलंत तर मात्र गोळी हवीच: रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून कमतरता उशिरा दिसते आणि तोवर नसांना इजा झालेली असू शकते. यात चालढकल नको.

लोहासाठी डाळीसोबत लिंबू किंवा टोमॅटो घ्या, चहा-कॉफी जेवणापासून तासभर लांब ठेवा. डाळी एकदम वाढवू नका, दर तीन-चार दिवसांनी अर्धी वाटी, नाहीतर पोट फुगतं आणि लोक वैतागून सोडून देतात. पाणीही वाढवा.

इतर वाचकांसाठी: मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातलं औषध चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. मधुमेहाचंच मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांनी पालेभाज्या अचानक वाढवू नयेत.

काटेकोर:
तेल: दिवसाला दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम, २४० कॅलरी. अंदाजाने ओतू नका. तेलाची बाटली काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, ओतून झालं की परत ठेवा. जितके ग्रॅम उणे दिसतील तितकं तेल गेलं. न मोजलेले तीन जादा मोठे चमचे म्हणजे ३६० कॅलरी, ५०० च्या तुटीतला जवळजवळ पाऊण भाग संपला. “सगळं बंद केलं तरी वजन हलत नाही” यामागे पहिला संशय तेलावर घ्यावा.

दुसरी चूक कोरड्या आणि शिजवलेल्या वजनाची. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी, शिजवलेलीत ११६. तांदळात ३६०, भातात १३०. ताटातलं वजन कोरड्याच्या आकड्याने गुणलं तर नोंद तिप्पट होते आणि माणूस विनाकारण उपाशी राहतो. उलट केलं तर तूटच राहत नाही. सोपा मार्ग: सगळं कोरडं मोजा, शिजल्यावर भांड्यातलं एकूण वजन घ्या आणि आपल्या वाट्याचं प्रमाण काढा.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी घ्या आणि आठवड्याची सरासरी काढा. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांनी एक-दोन किलो इकडेतिकडे होतात. डाळी वाढवल्यावर आतड्यात जास्त ऐवज राहतो, त्यानेही काटा वर सरकतो. ती चरबी नव्हे. कंबरेचं मापही पंधरा दिवसांनी घ्या.

चार आठवड्यांच्या सरासरीत उतार आठवड्याला पाव किलोपेक्षा कमी असेल तर आधी आठवडाभर सगळं तोलून बघा. नोंद बरोबर निघाली तरच १००-१५० कॅलरी कमी करा, त्याही धान्य किंवा तेलातून. प्रथिनं तशीच ठेवा. १० किलो उतरल्यावर त्याच सूत्राने तुमचा खर्च साधारण १४० कॅलरींनी घटलेला असेल, शरीर त्याहून थोडी जास्तही काटकसर करतं. तेव्हा आकडेमोड नव्याने करा.