मदत हवी आहे: आबांनी केळीच्या रोपांबद्दल खरं सांगितलं, आता घरादाराला त्रास सुरू आहे

रामराम मंडळी. मी भुसावळला असते, माहेर रावेर तालुक्यातलं. आबांनी मृगबागेला (जून-जुलैच्या लागवडीला) टिश्यूकल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेली, एकसारखी वाढणारी ३००० रोपं लावली. निसवण (घड बाहेर पडणं) सुरू झाली तशी गडबड दिसायला लागली. एका झाडाचा घड बाहेर पडलेला, शेजारचं नुसतं पानं टाकतंय. रोपं देणाऱ्या कंपनीचा माणूस दोनदा फोटो काढून गेला, नंतर फोन उचलेना. तेव्हा आबांनी बागेत उभं राहून चार मिनिटांचा व्हिडिओ केला. शिवीगाळ नाही, हातात पावती, मागे झाडं. तो तालुकाभर फिरला.

तिसऱ्या दिवसापासून रात्री-अपरात्री फोन येतात, पलीकडून कोणी बोलत नाही. न मागवलेली कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं येतात. धाकट्या बहिणीचं स्थळ पक्कं होत आलं होतं, त्यांच्याकडे कोणीतरी फोन करून आबा कर्जबुडवे असल्याचं सांगितलं.

गेल्या मंगळवारी तर हद्द झाली. सकाळी सातला चोपड्याहून मामा-मामी दारावर आले. मामी रडतच अंगणात शिरली, आणि आबा ओट्यावर चहा पीत बसलेले. मामांच्या मोबाइलवर आबांचा फोटो, त्याला हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली अंत्ययात्रेची वेळसुद्धा. फोटो त्याच व्हिडिओतून काढलेला आहे, सदऱ्याच्या खांद्यावरचा केळीच्या चिकाचा डाग तसाच दिसतो. आबा काही बोलले नाहीत. कप तसाच ठेवून आत गेले. तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे आणि संध्याकाळी ते बागेत जात नाहीत.

वरून वकिलाची नोटीस आली आहे: १५ दिवसांत व्हिडिओ काढा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा. पोलीस ठाण्यात म्हणाले, "कंपनीनेच केलं कशावरून?" आमच्याकडे पुरावा एवढाच की बांधाजवळ दोन दिवस एक पांढरी गाडी उभी होती, तिचा नंबर भावाने लिहून ठेवला आहे. व्हिडिओ काढून टाकावा का? मला तो काढायचा नाही. आबा खोटं बोललेले नाहीत.

उत्तर (धुळ्याचा वकील):
ताई, व्हिडिओ काढू नका, पण आबांनी आता नवीन काही बोलू नये. नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी सांगितलेलं सत्य अब्रुनुकसानीतून वगळलेलं आहे. सत्य सिद्ध करायचं तर बाग उभी असतानाच पंचनामा हवा, म्हणून आजच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भरपाईसाठी जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. बियाण्याच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता 'कशावरून'चं. तो गाडीचा नंबर जपा. २०१९ मध्ये अमेरिकेत ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीच्या सुरक्षा विभागातल्या लोकांनी कंपनीवर टीका करणाऱ्या एका नवरा-बायकोला असंच छळलं. जिवंत झुरळं, अंत्यविधीचं पुष्पचक्र, जोडीदार गेल्यावर कसं सावरावं याचं पुस्तक, हे सगळं घरपोच पाठवलं. सगळं निनावी. पण पाळत ठेवणारी गाडी त्या दोघांच्या नजरेत आली, त्यांनी स्थानिक पोलिसांना कळवलं, आणि ती भाड्याने घेणारी बाई ईबेसाठीच काम करणारी निघाली. सात जण दोषी ठरले, सुरक्षाप्रमुखाला ५७ महिन्यांची कैद झाली, आणि २०२४ मध्ये कंपनीला ३० लाख डॉलर दंड भरावा लागला.

तुम्हीही पार्सलं नुसती परत करू नका, आधी लेबलचा फोटो घ्या. श्रद्धांजलीचा मेसेज मामांना कोणाकडून आला, त्याला कोणाकडून, अशी साखळी मागे मागे काढा. तो कोणी मोबाइलमधून पुसू नका. निनावी धमकी असेल तर कलम ३५१ मध्ये जादा शिक्षा आहे. ठाण्यात अर्ज घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

धागाकर्ती:
दादा, खूप आभार. भाऊ आत्ताच कृषी कार्यालयात अर्ज घेऊन गेला. मेसेजची साखळी तीन जणांपर्यंत लागली आहे, चौथा नंबर सावद्याकडचा निघाला. सावदा, निंभोरा, फैजपूर भागात कोणी यंदा मृगबागेला लावलेल्या रोपांची निसवण अशीच मागेपुढे झाली असेल तर कृपया इथे लिहा. पावतीवरचा लॉट नंबर ताडून बघायचा आहे.